आई-बाबांच्या औषधांचा सरकारी विमा : मेडिकेअर पार्ट डीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेले आईवडील, आणि त्यांच्या गोळ्यांचे डबे भरणारी मुलं, सुना, जावई यांच्यासाठी हे लिहिलं आहे. न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, तेव्हा मराठीतून जे प्रश्न हमखास कानावर येतात तेच इथे घेतले आहेत. सगळे आकडे २०२६ सालचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, त्यामुळे पुढच्या वर्षी हेच आकडे धरून बसू नका.

पार्ट डी सरकारी आहे की खाजगी?

दोन्ही. नियम सरकारचे, पैशाचा मोठा वाटा सरकारचा, पण कार्ड हातात येतं ते खाजगी विमा कंपनीचं. मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, कायदा १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात झाला. त्यात हॉस्पिटल (पार्ट ए) आणि डॉक्टर (पार्ट बी) आले, पण घरी घ्यायच्या गोळ्या आल्या नाहीत. जॉर्ज बुश यांनी २००३ मध्ये सही केलेल्या कायद्याने त्या आल्या आणि १ जानेवारी २००६ पासून पार्ट डी प्रत्यक्षात सुरू झाला. मधली चाळीस वर्षं म्हातारी माणसं औषधं स्वतःच्या खिशातून, नाहीतर जुन्या नोकरीच्या विम्यातून घेत होती.

कंपन्या अनेक म्हणून प्लॅनही अनेक. शेजारच्या काकूंना एखादी गोळी फुकट मिळते आणि आईला तीच चाळीस डॉलरला पडते, यात कोणी फसवलेलं नसतं. दोघींचे प्लॅन वेगळे असतात, एवढंच.

आमच्या आई-बाबांना मिळेल का?

वय ६५ पूर्ण हवं, आणि पार्ट ए किंवा पार्ट बी यांपैकी एक तरी हवा. ग्रीन कार्डवर आलेल्यांना त्याआधी आणखी एक पायरी आहे : अमेरिकेत सलग पाच वर्षं वास्तव्य. मधे महिना-दोन महिने गावी जाऊन आलं तर सहसा अडत नाही, पण लांबलचक मुक्काम झाला तर 'सलग' या शब्दावरच बोट ठेवलं जातं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मेडिकेअर नाही. त्यांना प्रवाशांचा विमाच घ्यावा लागतो.

स्वतः किंवा जोडीदाराने अमेरिकेत दहा वर्षं (हिशेबाच्या भाषेत ४० तिमाह्या) नोकरी करून कर भरला असेल तर पार्ट ए फुकट. निवृत्तीनंतर आलेल्यांची अशी नोकरी नसते. त्यांना पार्ट ए विकत घ्यावा लागतो आणि तो महाग आहे, माणशी महिना ५६५ डॉलर. पार्ट बी महिना २०२.९० डॉलर. मुद्दा असा की पार्ट ए झेपत नसेल तर नुसता पार्ट बी घेऊनही पार्ट डी घेता येतो. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. पार्ट ए महाग म्हणून ते सगळ्याचाच नाद सोडतात आणि औषधं रोखीने घेत राहतात.

मुलगा वीस वर्षं इथे कर भरतोय. त्यावर आईला काही मिळत नाही?

नाही. जोडीदाराची नोकरी चालते, मुलाची चालत नाही. बाबांनी महाराष्ट्र सरकारात तीस वर्षं केलेली नोकरीही इथल्या ४० तिमाह्यांत धरत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात तसा सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नाही.

बाबांना बीपीची एकच गोळी आहे, तीही चार डॉलरची. कशाला भरायचा हप्ता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घाई करून 'नको' म्हणू नका, कारण पार्ट डीला उशिराचा दंड आहे आणि तो जन्मभर चिकटतो. हक्क आल्यानंतर सलग ६३ किंवा अधिक दिवस पार्ट डी नाही, आणि त्या तोडीचा दुसरा औषधविमाही नाही, असं झालं की त्या काळातल्या प्रत्येक पूर्ण महिन्यामागे एक टक्का दंड लागतो. तो टक्का तुमच्या प्लॅनच्या हप्त्यावर नव्हे, तर सरकार दरवर्षी ठरवतं त्या राष्ट्रीय आधार हप्त्यावर काढतात. २०२६ मध्ये हा आधार हप्ता ३८.९९ डॉलर आहे. तीन वर्षं उशीर केला तर ३६ टक्के, म्हणजे महिना सुमारे १४ डॉलर, दर महिन्याला, कायमचे. आधार हप्ता बदलला की दंडही बदलतो.

रक्कम ऐकून कोणी म्हणेल, चौदा डॉलरच ना! खरी अडचण वेगळी आहे. हवं तेव्हा आत शिरता येत नाही. मार्चमध्ये कॅन्सरचं निदान झालं आणि गोळ्या महिना काही हजारांच्या निघाल्या, तर बहुतेकांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागतं आणि विमा लागू होतो जानेवारीत. म्हणून कमी औषधं घेणाऱ्यांना मी एकच सांगते : सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या, पण घ्या. काही राज्यांत हप्ता नसलेले किंवा अगदी नाममात्र हप्त्याचे प्लॅनही असतात.

भारतातला मेडिक्लेम चालू आहे. तो 'तोडीचा' धरतात का?

नाही. इथल्या नोकरीचा किंवा जोडीदाराच्या कंपनीचा औषधविमा मात्र बहुधा चालतो. तो चालतो की नाही हे कंपनीने दरवर्षी १५ ऑक्टोबरपूर्वी पत्राने कळवायचं असतं. ते पत्र फाइलला लावून ठेवा. पाच वर्षांनी कोणी विचारलं तर तोच पुरावा. दुकानात मिळणारी सवलतीची कूपनं हा विमा नव्हे, दंडापासून ती वाचवत नाहीत.

नाव कधी नोंदवायचं?

पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यात येतो तो, आधीचे तीन आणि नंतरचे तीन असे सात महिने मिळतात. पाच वर्षांची अट पासष्टीनंतर पूर्ण होणार असेल तर त्या तारखेच्या तीनचार महिने आधीच सोशल सिक्युरिटीच्या (मेडिकेअरची नोंदणी बघणाऱ्या सरकारी खात्याच्या) कार्यालयात जाऊन स्वतःची मुदत लिहून घ्या. प्लॅन बदलायचा हंगाम दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. नवा प्लॅन १ जानेवारीपासून. साधारण घटस्थापनेपासून दिवाळीच्या फराळापर्यंतच्या दिवसांतच हे येतं, त्यामुळे घरोघरी राहून जातं.

आईला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. नाकारतील? वेटिंग पिरियड लावतील?

दोन्ही नाही. भारतातल्या मेडिक्लेमची सवय असल्याने आपल्याकडची माणसं फॉर्म भरताना आजार लपवायला बघतात. इथे तब्येतीचा प्रश्नच विचारत नाहीत. हप्ता आजारावर ठरत नाही आणि पहिल्या दिवसापासून विमा लागू असतो. उलट निवडताना सगळी औषधं उघड मांडा, फायदा त्यातच आहे.

मग प्लॅन निवडायचा कसा?

हप्त्यावरून निवडू नका. आईच्या गोळ्या कागदावर लिहा, ती यादी मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावरच्या तुलनेच्या पानावर भरा, जवळची दोन-तीन दुकानं टाका आणि वर्षाचा एकूण खर्च (हप्ता आणि औषधं मिळून) बघा. महिना शून्य डॉलर हप्त्याचा प्लॅन वर्षाअखेर सगळ्यात महाग पडल्याची उदाहरणं काउंटरवर नेहमी दिसतात.

यादी करताना आपली माणसं एका ठिकाणी नक्की अडतात. आजोबा पिशवीतून पाकिटं काढून काउंटरवर मांडतात : टेल्मा ४०, ग्लायकोमेट जीपी, एल्ट्रॉक्सिन, इकोस्प्रिन. ही नावं इथल्या संगणकात टाकली तर काहीच सापडत नाही. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव घ्यायचं. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, एल्ट्रॉक्सिन म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, इकोस्प्रिन म्हणजे साधी अ‍ॅस्पिरिन, आणि ती इथे चिठ्ठीशिवाय मिळत असल्याने पार्ट डीत येत नाही. ग्लायकोमेट जीपीमध्ये मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असतात. तशी जोडगोळी इथे मिळत नाही, दोन गोळ्या वेगवेगळ्या लिहून घ्याव्या लागतात. विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड ही भारतात सर्रास दिली जाणारी मधुमेहाची औषधं तर अमेरिकेत विकलीच जात नाहीत. त्यांच्याऐवजी काय घ्यायचं हे आधी इथल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि मगच प्लॅन शोधा. उलट क्रमाने केलं तर सगळी मेहनत वाया.

प्रत्येक प्लॅनची स्वतःची औषधांची यादी असते, तिला फॉर्म्युलरी म्हणतात. तिच्यात पायऱ्या असतात : खालच्या पायरीवर स्वस्त जेनेरिक, वर ब्रँडेड, सगळ्यात वर विशेष औषधं. औषध कोणत्या पायरीवर आहे, आधी परवानगी लागते का, आधी दुसरं स्वस्त औषध घेऊन बघायची अट आहे का, हे तिथेच लिहिलेलं असतं. दुकानांतही फरक असतो. प्लॅनच्या पसंतीच्या दुकानात तीच गोळी दोन डॉलरला मिळते आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात बारा डॉलरला.

नवराबायकोने एकच प्लॅन घ्यावा असं काही नाही. मेडिकेअरमध्ये फॅमिली फ्लोटर हा प्रकारच नाही. बाबांचा एक, आईचा दुसरा, खुशाल घ्या.

आणखी एक सावधगिरी. पार्ट ए आणि बी मिळून कंपनीकडून घेण्याला पार्ट सी किंवा मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात. त्यात औषधं बहुधा आधीच असतात. असा एचएमओ किंवा पीपीओ (हे पार्ट सीचे नेहमीचे दोन प्रकार) असताना वर वेगळा पार्ट डी घेतला तर पार्ट सी आपोआप रद्द होतो. 'जास्तीचं असलेलं बरं' म्हणून हे करू नका.

वर्षभरात खिशातून किती जाईल?

जास्तीत जास्त २१०० डॉलर, माणशी. यादीतल्या औषधांवर तुम्ही एवढे दिलेत की उरलेलं वर्ष औषधं शून्य डॉलरला. हप्ता या २१०० मध्ये धरत नाहीत, आणि यादीबाहेरचं औषध रोखीने घेतलं तर तेही नाही.

एक हिशेब करून बघू. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या बऱ्याच वृद्धांना एलिक्विस ही रक्त पातळ ठेवणारी गोळी असते. तिची महिन्याची छापील किंमत २०२३ मध्ये ५२१ डॉलर होती. सरकारने कंपनीशी घासाघीस केली आणि १ जानेवारी २०२६ पासून मेडिकेअरसाठी ती २३१ डॉलरवर आली. आता प्लॅनला पूर्ण डिडक्टिबल आहे असं धरा, म्हणजे पहिले ६१५ डॉलर पूर्ण तुमचे, आणि त्यानंतर किमतीचा चौथा हिस्सा तुमचा. जानेवारीत २३१, फेब्रुवारीत २३१. मार्चमध्ये उरलेले १५३ आणि त्यावरच्या ७८ डॉलरचा चौथा हिस्सा, म्हणजे १७२.५०. एप्रिलपासून चौथा हिस्सा, महिना ५७.७५. वर्षाचे झाले ११५४.२५. हा नमुन्याचा हिशेब झाला. बऱ्याच प्लॅनमध्ये डिडक्टिबल कमी असतं, किंवा स्वस्त जेनेरिकना लावतच नाहीत.

म्हणून जानेवारीत दुकानात येऊन 'डिसेंबरपर्यंत एवढे नव्हते!' असं ओरडू नका. डिडक्टिबल नव्याने सुरू होतं. वर्षाच्या सुरुवातीलाच हजार-दोन हजारांचं बिल येणाऱ्यांसाठी २०२५ पासून हप्त्याहप्त्याने फेडायची सोय आहे, व्याज नाही. ती प्लॅनकडे स्वतःहून मागावी लागते. एकूण रक्कम मात्र तीच राहते, आणि ज्यांचं महिन्याचं बिल लहान आहे त्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

डोनट होलचं काय झालं?

गेला. ठराविक खर्चानंतर मधेच माणसावर जास्त बोजा पडायचा, ती खाच २०२५ पासून बंद झाली. जुने लेख वाचून घाबरू नका.

इन्शुलिन आणि लसी?

प्लॅनच्या यादीतलं इन्शुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर, डिडक्टिबल न लावता. २०२२ च्या कायद्याने ही मर्यादा आली आणि २०२३ पासून लागू झाली. नागीण, धनुर्वात यांसारख्या प्रौढांसाठी शिफारस केलेल्या लसी पार्ट डीत फुकट. फ्लू, न्यूमोनिया आणि कोविडच्या लसी पार्ट बीत येतात, त्याही फुकट.

काउंटरवर 'हे औषध बसत नाही' म्हणाले. पैसे भरून घेऊन टाकू का?

थांबा. प्लॅन नवा असेल तर पहिल्या नव्वद दिवसांत, चालू असलेल्या औषधाचा एक महिन्याचा साठा तात्पुरता मिळतो. दुकानदाराला 'ट्रान्झिशन फिल' म्हणून विचारा. तेवढ्या काळात डॉक्टरांना प्लॅनकडे अपवादाची मागणी करायला सांगा : हेच औषध का हवं, दुसऱ्याने काय त्रास झाला, हे लिहून. त्यांचं लेखी म्हणणं मिळाल्यापासून ७२ तासांत उत्तर द्यावं लागतं, जिवावरचं प्रकरण असेल तर २४ तासांत. नकार आला तरी अपील आहे. आपल्याकडे भांडायला लाजतात, पण हे भांडण नव्हे, विम्याच्या नियमांतच ती सोय आहे.

हॉस्पिटलात असताना दिलेल्या गोळ्या?

रीतसर भरती असेल तर पार्ट ए. सलाइनमधून दिलेली केमोसारखी औषधं बहुधा पार्ट बी. गोची होते ती 'ऑब्झर्व्हेशन'मध्ये. रात्रभर खाटेवर असूनही कागदोपत्री भरती नसते, आणि घरच्याच बीपी-शुगरच्या गोळ्यांचं वेगळं बिल येतं. ते फाडू नका. पार्ट डीच्या कंपनीकडे दावा लावून बघा, थोडेबहुत पैसे परत येऊ शकतात.

आई-बाबा सहा महिने पुण्यात असतात. तेव्हा काय?

भारतात घेतलेल्या औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही, आणि ते २१०० च्या मर्यादेतही धरत नाहीत. टपालानेही औषध भारतात पाठवत नाहीत. जाण्याआधी नव्वद दिवसांचा साठा घ्या. त्याहून जास्त हवा असेल तर 'व्हेकेशन सप्लाय' मिळेल का ते कंपनीला विचारा. काही देतात, काही नाही.

नुसता पार्ट डी असेल तर सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास नाव कमी होऊ शकतं. पार्ट सी असेल तर बहुधा सहा महिन्यांतच. पुण्याचे 'सहा महिने' लग्नसराईपायी आठ होतात, त्यामुळे पार्ट सी घेताना हे आधी बघा. आईवडील कायमचे परत गेले आणि काही वर्षांनी पुन्हा आले, तर भारतातल्या महिन्यांचा दंड लागत नाही. मात्र परतल्यावर दोन महिन्यांत प्लॅन घ्यायला हवा.

मग वर्षाची औषधं पुण्याहूनच आणली तर?

जेनेरिक तिकडे स्वस्त आहेत, हे खरं. पण परदेशातून औषधं आणायला इथला औषध विभाग सरसकट परवानगी देत नाही. स्वतःपुरती, साधारण तीन महिन्यांची, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असतील तर सहसा अडवत नाहीत, तो हक्क मात्र नव्हे. आणि सगळी भिस्त सूटकेसवर ठेवून पार्ट डी घेतला नाही तर दंडाचं मीटर चालूच राहतं.

उत्पन्न काहीच नाही. मदत मिळते का?

मिळते. 'एक्स्ट्रा हेल्प' नावाची केंद्राची योजना आहे. वार्षिक उत्पन्न एकट्याचं सुमारे २४ हजार, जोडप्याचं सुमारे ३२ हजार डॉलरच्या आत, आणि बचत एकट्याची सुमारे १८ हजार, जोडप्याची ३६ हजारांच्या आत हवी. मग हप्ता बराचसा किंवा पूर्ण सुटतो, जेनेरिक जास्तीत जास्त ५.१० डॉलरला आणि ब्रँडेड १२.६५ डॉलरला मिळतं, आणि उशिराचा दंडही लागत नाही. मुलाच्या घरी राहणं-जेवणं हे यात उत्पन्न धरत नाहीत. भारतातल्या ठेवी मात्र बचतीत धरतात, आणि राहतं घर सोडून दुसरा फ्लॅट असेल तर तोही. फॉर्मवर खोटं लिहू नका.

न्यू जर्सीत औषधांच्या खर्चासाठी राज्याची पीएएडी योजना वेगळी आहे : जेनेरिक ५ डॉलर, ब्रँडेड ७. तिला उत्पन्नाची मर्यादा बरीच वर आहे आणि बचत बघत नाहीत. त्यामुळे एक्स्ट्रा हेल्प हुकलेल्यांनी तिथे जरूर अर्ज करावा. न्यूयॉर्कमध्ये राज्याची अशीच एपिक नावाची योजना आहे.

दादरचा फ्लॅट विकला. त्याचा औषधांशी काय संबंध?

आहे. ग्रीन कार्डधारकाने जगभरचं उत्पन्न इथल्या कर विवरणात दाखवायचं असतं. दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न एकट्याचं १,०९,००० किंवा जोडप्याचं २,१८,००० डॉलरच्या वर गेलेलं असेल तर पार्ट डीवर महिना १४.५० ते ९१ डॉलर अधिभार लागतो, पार्ट बीवर वेगळा. घराच्या विक्रीचा नफा त्यात येतो, आणि 'एकदाच विकलं हो' म्हणून माफी मिळत नाही. पुढच्या वर्षी उत्पन्न खाली आलं की अधिभारही जातो. मुलाचं उत्पन्न यात धरत नाहीत.

भारतात असं काही आहे?

रोजच्या गोळ्यांसाठी सर्वांना लागू असा विमा नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतचं वर्षाला पाच लाखांचं कवच आहे, पण ते हॉस्पिटलात भरती होण्यासाठी. औषधं मिळतात ती भरतीच्या काळातली आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांपर्यंतची. रोजच्यासाठी जनऔषधी केंद्रं आहेत.

मराठीतून कोणाला विचारता येईल? आणि हे सारखे येणारे फोन?

१-८००-६३३-४२२७ हा मेडिकेअरचा सरकारी क्रमांक. दुभाषा फुकट मिळतो, फोन उचलताच 'मराठी' एवढं म्हणा आणि धीर धरा. प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत सल्लासेवा आहे, कॅलिफोर्नियात तिला हायकॅप म्हणतात. तिथली माणसं कोणत्याही कंपनीचा प्लॅन विकत नाहीत, म्हणून एजंटच्या आधी त्यांच्याकडे जा. जाताना गोळ्यांची यादी आणि सप्टेंबरअखेर प्लॅनकडून येणारं बदलांचं पत्र न्या. त्या पत्रात या वर्षीचा खर्च आणि पुढच्या वर्षीचा खर्च शेजारी-शेजारी छापलेला असतो.

ओळखपाळख नसताना फोन करून प्लॅन विकायला एजंटांना बंदी आहे. 'तुमचं नवं कार्ड पाठवायचंय, जुना नंबर सांगा' असं कोणी म्हणालं, हिंदीत गोड बोलत असलं तरी, आईला एवढंच शिकवून ठेवा : 'मुलगा घरी आला की बोला' म्हणायचं आणि फोन ठेवायचा.